दुसऱ्यांदा बाइकचं इंजिन बोअर करायची वेळ आली तेव्हा…

पंचवटीतून दिंडोरीकडे माझं रोजचं जाणं-येणं, शेवटचे चार किलोमीटर बागांमधला कच्चा, फुफाट्याचा रस्ता. इंजिनाचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा कापून, जेमतेम सहा हजार किलोमीटर झाले आणि सायलेन्सरमधून परत निळा धूर. ऑइलही कमी व्हायचं. आधीच्या गॅरेजवाल्याने ‘ऑइल हलकं वापरता’ म्हणून हात झटकले. खूप वाईट वाटलं.

या वेळी सातपूरच्या मिस्त्रींनी ब्लॉक उघडून मला जवळ बोलावलं. सिलिंडरवर उभ्या रेघा, नख अडकेल इतक्या. मग त्यांनी एअर फिल्टर आणि कार्बोरेटरमधला रबरी पाइप काढून आतून बोट फिरवलं. बोटावर तांबूस धूळ! पाइप वाकवला तर खालच्या बाजूला चीर. फिल्टर नवा असून काय उपयोग, धूळ त्याला वळसा घालूनच आत जात होती. ती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते.

परत बोअर, ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन, नव्या रिंगा, नवा पाइप, क्लिप घट्ट. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरलाच बदललं. आता नऊ हजार झाले, धूर नाही. बोअर करण्याआधी तो पाइप वाकवून बघाच.