लाकडी धनुष्याचे सांधे साफ कसे करावेत

धनुष्य वाकतं, बाणही नीट जातो, पण मुठीपाशी वाळलेल्या गोंदाचे ओघळ आणि काळी फट तेवढी डोळ्यांत खुपते. ही सफाई दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे. चाळीच्या गॅलरीत बसणार असाल तर आधी शेजारच्या काकूंचे कपडे वाळलेत का ते बघा. भुसा कुठवर उडतो ते मला त्यांच्याकडूनच कळलं. नाकाला मास्क लावाच, इपॉक्सीची, म्हणजे अरल्डाइटसारख्या दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाची, धूळ वाईट.

घासायच्या आधी सांधा पक्का आहे का ते तपासा. मुठीचा तुकडा निमुळता होत भुजेला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भागाला, मिळतो, ते पातळ टोक सगळ्यात आधी उचललं जातं, कारण मूठ ताठ राहते आणि भुजा वाकते. दोरी न चढवता तिथे कागदाची कड सरकवून पाहा. कागद आत गेला तर सांधा उकलून पुन्हा चिकटवायला हवा. वरून लांबी (पुट्टी) भरलीत तर चार वेळा ओढल्यावर फट परत तोंड उघडेल. वाकणाऱ्या भागात भराव टिकत नाही.

सांधा पक्का असला तरी गोंद पुरता वाळू द्या. नेहमीच्या अरल्डाइटला पूर्ण दिवस द्यावा. फेविकॉलमध्ये पाणी असतं, त्यामुळे जुलैच्या दमट हवेत त्याला आणखी वेळ लागतो. कच्चा गोंद घासला की रबरासारख्या वळ्या होतात आणि पॉलिश पेपर भरून जातो.

ओघळ पटाशीने उडवायचा मोह होतो. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला, तो आवराच. ओढताना पाठीचे तंतू ताणले जातात. तिथे आडवा काप गेला की ढलपी उठते आणि पुढे धनुष्य मोडूही शकतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत पोलादी स्क्रॅपर विचारा, नाहीतर जुन्या सुतारांसारखा काचेचा तुकडा, हातमोजा घालून. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच खरवडा. मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून 120, 180, 240, 320 असे क्रमाने नंबर चढवत जा.

मुठीतली बारीक फट मात्र भरता येते. त्याच लाकडाचा चाळलेला भुसा इपॉक्सीत कालवून जरा उंचच भरा, वाळल्यावर सपाट करा. इपॉक्सीत भुसा गडद दिसतो, म्हणून फिका घ्या.

आता टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळं पुसा. गोंदाचा उरलेला थर फिका दिसतो. पॉलिश त्याच्यावर बसत नाही, तेव्हा तो आताच खरवडून टाका.

मुठीच्या त्या पातळ टोकांवर मी मजबूत दोऱ्याचे इंचभर वेढे घालतो. गाठ मारायची नाही. शेवटचे आठ-दहा वेढे दोऱ्याच्या एका फासावरून घ्या, टोक फासात ओवा आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली दाबा. वर पातळ इपॉक्सीचा हात.

लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण पावसाळ्यात ओल धरून पांढरं पडतं. त्या दिवसांत जवसाचं तेल बरं: पातळ हात, जादा पुसून काढायचं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. गॅलरीतल्या दोरीवर मोकळं पसरा. काकूंच्या कपड्यांपासून लांब.