सांगलीच्या उन्हाळ्यात सावरडो पिझ्झ्याची पूर्वतयारी

सावरडो, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी नैसर्गिक आंबवणाने फुगवलेल्या पिठाच्या पिझ्झ्याची कड फुगली नाही आणि तिला रंगही आला नाही, की दोष ओव्हनला दिला जातो. परंतु सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकलेला असताना खरे कारण बहुधा पीठ आंबवण्यात असते. पीठ गरजेपेक्षा जास्त आंबले, की त्यातील साखर संपते, आम्लामुळे ग्लुटेन (पिठाला ताण देणारे, हवा धरून ठेवणारे प्रथिनांचे जाळे) सैल पडते आणि मग कड चपटी व पांढुरकीच राहते. म्हणून तयारी वेळेच्या हिशेबाने करावी.

पिझ्झा रविवारी रात्री हवा असेल, तर शुक्रवारी दुपारी स्टार्टरला, म्हणजे बरणीत राखलेल्या पीठ-पाण्याच्या आंबवणाला, ताजे पीठ-पाणी द्यावे, बरणीला रबर लावून खूण करावी आणि तो दुप्पट होऊन माथा फुगीर असतानाच वापरावा. माथा खचून आंबूस वास तीव्र झाला असेल, तर पुन्हा पीठ-पाणी देऊन थांबणेच योग्य. 500 ग्रॅम मैद्याला 300 ग्रॅम पाणी आणि 12 ग्रॅम मीठ घ्यावे. स्टार्टर एरवी 100 ग्रॅम चालतो, उन्हाळ्यात मात्र 50 ग्रॅम पुरे, आणि पाणी फ्रिजमधलेच घ्यावे. मैद्याच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे किमान 11 ग्रॅम प्रथिने आहेत ना, हे पाहून घ्यावे. आपल्या भागातला खपली गहू खिरीला उत्तम असला, तरी त्याचे ग्लुटेन कमकुवत असते; त्यामुळे हवा धरून ठेवण्याच्या कामी तो उपयोगाचा नाही. रंगासाठी 5 ग्रॅम बारीक चिरलेला गूळ पाण्यात विरघळवून घातल्यास मदत होते.

मळलेले पीठ काचेच्या भांड्यात ठेवावे, म्हणजे कडेने बारीक बुडबुडे दिसू लागलेले कळतात. घड्याळापेक्षा याच खुणेवर विश्वास ठेवावा. पीठ साधारण एक-तृतीयांश फुगले, की त्याचे चार गोळे करून, तेलाचा हात लावून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत. साताऱ्याच्या थंडीत याच टप्प्याला कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. रविवारी गोळे भाजण्याआधी तासभर बाहेर काढावेत. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, तर गोळा तयार आहे.

ओव्हनमध्ये बिडाचा तवा वरच्या कप्प्यात पालथा ठेवून 250 अंशांवर किमान 45 मिनिटे तापवावा, आणि त्या वेळेत वीज जाणार नाही ना, याचीही आधी चौकशी करावी. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही, तर खरपूस रंगाला सुमारे 140 अंश लागतात. म्हणून टोमॅटोचा सॉस आटवून घट्ट करावा आणि ताजे चीज तासभर चाळणीत निथळत ठेवावे. गोळा लाटण्याने लाटू नये, त्याने कडेतली सगळी हवा निघून जाते. बोटांनी मधूनच पसरावा. कडेला ब्रशने थोडे तेल लावावे आणि शेवटची दोन मिनिटे फक्त वरची कॉइल चालू ठेवून ओव्हनसमोरून हलू नये, कारण तांबूस रंगाचा काळा व्हायला त्यानंतर अर्धे मिनिटही लागत नाही.