ऊसतोडीआधीचे लसीकरण: आरोग्य प्रकल्पाचे व्यवस्थापन कसे शिकावे

आरोग्यक्षेत्रातील प्रकल्प व्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्याने प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाआधी आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रातील एखादे छोटे, मुदतीचे काम हाती घ्यावे. बीड जिल्ह्यात असे काम शोधावे लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील बालकांचे राहिलेले लसीकरण, ती गाव सोडण्याआधी पूर्ण करणे, हे ते काम.

प्रथम शेवटची तारीख ठरवावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कोणती टोळी केव्हा निघणार हे मुकादमाला विचारून घ्यावे आणि त्या दिवसापासून उलट मोजत यावे.

त्यानंतर कामाची व्याप्ती लिहून काढावी, आणि नवशिका बहुधा चुकतो तो येथेच. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यामुळे निघताना सात महिन्यांचे असलेले बाळ त्या डोसासाठी पात्र होते ते साखर कारखान्याजवळच्या मजुरांच्या तळावर गेल्यानंतर. केवळ ‘गावातील सत्रे घेणे’ एवढीच व्याप्ती धरली, तर हे बाळ आपल्या हिशेबातून निसटते. म्हणून लसीकरण कार्ड आईच्या सोबत देणे आणि बाळाचे नाव तळाजवळच्या आरोग्य केंद्राला कळवणे हीदेखील प्रकल्पातीलच कामे मानावीत.

आता कामांचा क्रम लावावा. आशाताईंची घरोघरची यादी पूर्ण झाल्याशिवाय लसीची मागणी नोंदवता येत नाही आणि लस हाती आल्याशिवाय सत्र होत नाही. या साखळीतील एक दिवसाचा उशीर पुढची सारी कामे लांबवतो, म्हणून तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. तांड्यावर निरोप देण्याचे काम मात्र यादीबरोबरच चालू शकते. प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहावी.

जोखमींचीही नोंद ठेवावी. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे, तेव्हा वीज गेल्यास ती कोठे हलवायची हे आधीच ठरलेले असावे. विरघळवलेली गोवर-रुबेलाची कुपी चार तासांनंतर वापरता येत नाही. त्यामुळे शेतावर गेलेल्या माता कोणत्या वेळी घरी असतात हे विचारूनच सत्राची वेळ ठरवावी. बाह्यरुग्ण विभाग आणि प्रसूतीचे काम यासाठी थांबत नाही, म्हणून सत्रावर कोण जाणार आणि केंद्रात कोण राहणार हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून निश्चित करावे.

हंगाम संपून कुटुंबे परतली की प्रत्येक कार्ड मूळ यादीशी ताडून पाहावे आणि ज्या बाळांचा डोस तळावर राहून गेला, त्यांची नावे पुढच्या सत्राच्या यादीत सर्वांत वर लिहावीत.