जोनाथन डेव्हिस उर्फ जिफी: रग्बीच्या जुन्या मॅचेस कुठल्या क्रमाने बघायच्या

आधी सर्चचं बघू. नुसतं नाव टाकलंत तर त्याच नावाचा दुसरा वेल्श प्लेयर येतो, 2013 आणि 2017 च्या लायन्स (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) टूरवाला सेंटर. म्हणून नावापुढे विडनेस किंवा वॉरिंग्टन (त्याचे क्लब) टाका, आपला जिफी म्हणजे 1962 ला जन्मलेला, वेल्समधल्या ट्रिमसारन गावचा.

बरेच जण 1985 च्या डेब्यूपासून सुरू करतात. माझं मत, थेट 22 ऑक्टोबर 1994 ची वेम्बलीची टेस्ट लावा. ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा 13 जणांचा प्रकार; दुसरा प्रकार 15 जणांचा, युनियन. शॉन एडवर्ड्सला रेड कार्ड, म्हणजे 13 च्या जागी 12 जण, आणि त्यात फुलबॅक (सगळ्यात मागे खेळणारा) जिफी एक डमी, म्हणजे खोटा पास, देऊन उजव्या कोपऱ्यात असा काही पळत सुटतो की बास. ब्रिटन 8-4 ने जिंकलं. तो ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं) दोनतीनदा बघा, दुसऱ्यांदा बघताना बॉलकडे नाही तर डिफेंडरच्या पायांकडे लक्ष द्या.

लीग समजायला एवढंच पुरे: टॅकल झाला की खाली पडलेला उठून पायाने बॉल मागे सरकवतो, असे सहा टॅकल मिळतात, मग बॉल समोरच्याकडे. कबड्डीतली डू ऑर डाय रेड आठवा, पाचव्या टॅकलनंतर तसंच प्रेशर येतं आणि बहुतेक वेळा किक मारतात. लाइनआउट (बॉल बाहेर गेला की दोन रांगांमध्ये फेकणं) नाही, आणि त्या काळी ड्रॉप गोलला (बॉलला टप्पा देऊन खांबांमधून किक) फक्त 1 पॉइंट. युनियनमध्ये 15 जण आणि ड्रॉप गोलचे 3.

आता मागे 1988 ला, युनियनकडे या. कार्डिफला स्कॉटलंडविरुद्धची मॅच, वेल्स 25-20, त्यात जिफीचा स्वतःच किक मारून मागे धावत केलेला ट्राय आणि वर दोन ड्रॉप गोल. त्या वर्षी वेल्सला ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांना हरवल्याचा मान) मिळाला, पण न्यूझीलंडला जाऊन 52-3 आणि 54-9 असा मार खाल्ला, आणि डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर रोमानियाकडून 15-9 हरले. त्या मॅचला कॅप्टन हाच. जानेवारी 1989 मध्ये गडी लीगच्या विडनेस क्लबला.

इथे थोडं थांबा, कारण हे कळलं नाही तर बाकी सगळं नुसतं ट्रान्सफर वाटेल. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब खेळण्यापायी बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून फुटले, त्यातून लीग आली. युनियन मात्र अमॅच्युअर राहिलं, आणि लीगचे पैसे घेतले की युनियनचं दार बंद. कोच म्हणूनसुद्धा परत नाही.

विडनेसचं फार शोधू नका, 1989 ची वर्ल्ड क्लब चॅलेंज बघा, ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा क्लबला 30-18 हरवलेली. विंगवर मार्टिन ऑफिया, तोपण युनियनमधूनच आलेला.

ऑगस्ट 1995 ला युनियन प्रोफेशनल झालं, दार उघडलं आणि त्याच वर्षी हा 33 व्या वर्षी कार्डिफला परतला. त्या काळातल्या मॅचेस शेवटी बघा, वेळ असेल तरच. वेग आधीसारखा राहिला नव्हता.