मेंदीच्या कुंपणाखाली काय लावायचं?

कुंपणाखाली काहीच जगत नाही अशी तक्रार सगळेच करतात आणि सगळा दोष सावलीला देतात, पण खरा घोळ पाण्याचा असतो. मेंदी म्हणा, कामिनी म्हणा, ड्युरांटा म्हणा, यांची बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात, तुम्ही घातलेलं पाणी आधी तीच पितात, आणि पाऊस भुरभुर असेल तर गच्च पानांमधून थेंब खाली पोचतच नाही. भर जुलैत आमच्या कामिनीखाली खुरपं मारलं तर दोन इंचांखाली माती कोरडी ठाक!

म्हणून सावली आणि तहान दोन्ही सोसणारी झाडं घ्या. स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट, आणि रिओ, तोच वरून हिरवा खालून जांभळा (चीक अंगाला लागला तर खाजतं हं). कडेला जिथे थोडं ऊन येतं तिथे पानओवा, रेन लिली. लिलीचे कांदे एकदा लावले की विसरून जा, पहिल्या पावसानंतर आपोआप फुलतात.

माझी लाडकी मात्र हळद. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गड्डे लावायचे, श्रावणात नागपंचमीच्या पातोळ्यांना पानं घरचीच. हिला बाकीच्यांपेक्षा पाणी आणि खत जास्त लागतं, म्हणून कुंपणापासून जरा लांबच ठेवा. थंडीत पानं वाळतात आणि जागा उघडी पडते, ते चालवून घ्यायचं.

वेडेलिया कुणी फुकट दिलं तरी नको, पिवळी फुलं छान दिसतात पण नंतर ते उपटत बसावं लागतं. मनी प्लांट, सिंगोनियमपण नको, कुंपणावर चढतात.

हळद सोडून बाकीचं लावायचं जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागला की. खोडापासून फूट दीड फूट सोडून, आणि कुदळ नको, खुरप्यानेच, नाहीतर कुंपणाची मुळं तुटतात. नर्सरीतून छोट्या पिशवीतली रोपं आणा, मोठ्या कुंडीतल्या झाडाला मोठा खड्डा लागतो आणि तिथेच सगळं बिघडतं. खड्ड्यात मूठभर गांडूळखत, वर पालापाचोळा, पण तो खोडाला चिकटवू नका, बुंधा कुजतो.

पावसाळा संपला की पाणी झारीने वरवर शिंपडू नका, ते मुळापर्यंत जात नाही. रोपांच्या रांगेत ठिबकची नळी टाका, ताशी 4 लिटरचे ड्रिपर पुरतात, पहिलं वर्ष हे सांभाळलं की पुढे त्रास कमी.

आणि छाटणी करताना कुंपण वर निमुळतं, खाली रुंद ठेवा, म्हणजे खालच्या फांद्यांनाही उजेड मिळतो. माळीदादा उलट करतात, वर छत्री खाली काड्या! छाटायच्या आधी खालच्या रोपांवर जुनी चादर टाका, नाहीतर फांद्या वेचताना रोपंच तुडवली जातात.