या चुका टाळा: वाफेच्या लाइनवर तापमान आणि हीट फ्लक्स मोजताना

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत वाफेच्या लाइनची उष्णता-गळती मोजायला येणारी बरीच नवी मुले इन्सुलेशनवरच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आयआर गन (न टेकवता, इन्फ्रारेड किरणांवरून तापमान दाखवणारे पिस्तुलासारखे यंत्र) रोखतात आणि दिसेल तो आकडा उतरवून पुढे जातात. तो आकडा पत्र्याचा नसतोच. अशा पत्र्याची एमिसिव्हिटी (स्वतःची उष्णता किरणांवाटे बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) जेमतेम ०.१ च्या आसपास असते, त्यामुळे गनमध्ये शिरणारी बहुतेक किरणे भोवतालच्या भिंतींवरून आणि छतावरून येऊन पत्र्यावर परावर्तित झालेली असतात. गन मात्र ०.९५ धरून हिशेब करते.

रबाळ्यातील एका कारखान्यात पावसाळा संपल्यावर याच पद्धतीने ३६ अंश नोंदवून इन्सुलेशन उत्तम असल्याचा अहवाल दिला गेला होता. इंधनाचा खर्च काही केल्या उतरेना, म्हणून आम्हाला बोलावणे आले. त्याच जागी मी काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा (हिची एमिसिव्हिटी गनने धरलेल्या ०.९५ च्या जवळपास असते) तुकडा घट्ट दाबून बसवला, तो तापेपर्यंत थांबलो आणि गन टेपवर धरली, तेव्हा आकडा ६० च्या पुढे गेला. पत्र्याचा जोड वरच्या अंगाला ठेवलेला होता आणि तिथून पाणी शिरून आतले रॉकवूल (दगडी तंतूंचे इन्सुलेशन) भिजले होते. कोरड्या रॉकवूलची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला ०.०४ वॅटच्या आसपास असते, तर पाण्याची ०.६, त्यामुळे भिजलेले इन्सुलेशन असून नसल्यासारखे होते. टेपसाठी लागणारी पाच मिनिटे वाचवण्याची घाई मला कधीच समजलेली नाही.

हीच चूक हीट फ्लक्स सेन्सरच्या (पृष्ठभागातून चौरस मीटरमागे किती उष्णता जाते ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) बाबतीत उलट दिशेने होते. सेन्सरचा गडद पृष्ठभाग चकचकीत पत्र्यावर तसाच उघडा ठेवला, तर तो पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर फेकतो. पत्रा ६५ अंशांवर आणि भोवताल ३२ अंशांवर असेल, तर किरणांवाटे चौरस मीटरमागे सुमारे २५ वॅट जातात. तितक्याच तापलेल्या गडद पृष्ठभागावरून २०० वॅटच्या वर जातात. मी सेन्सरवर नेहमी ॲल्युमिनियम फॉइल टेप लावतो, म्हणजे सेन्सर आणि पत्रा एकसारखे वागतात. सेन्सरखाली हवेची फट राहू नये म्हणून थर्मल पेस्टचा पातळ थरही देतो.

थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून बनवलेला तापमापक) पृष्ठभागावर उभे टेकवून वाचन घेणाऱ्यांना वायर स्वतःच टोकाची उष्णता ओढून नेते हे ठाऊक नसते, म्हणून गरम पाइपावर वाचन कमी येते. टोकापासून चार-पाच इंच वायर पाइपाला चिकटवून न्यावी आणि मगच वर उचलावी. के टाइप (थर्मोकपलचा एक नेहमीचा प्रकार) थर्मोकपलला साधी तांब्याची वायर जोडून लांबी वाढवू नये. त्याचीच कॉम्पेन्सेटिंग केबल (त्या प्रकाराशी जुळणाऱ्या धातूंची जोडवायर) वापरावी. पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) दोन वायरींनी जोडला आणि वायरींचा मिळून एक ओहम रोध मध्ये आला, तर २.६ अंशांची चूक घरबसल्या पदरी पडते. तीन वायरी जोडाव्यात. १२:१ ची गन बारा फुटांवरून एक फूट व्यासाचा गोल पाहते, तेव्हा पाइप रॅकवरची दोन इंची लाइन खालून मोजण्याऐवजी शिडी मागवावी. दुपारच्या उन्हातल्या लाइनचे हीट फ्लक्स वाचन मी घेतच नाही, सूर्य मावळून पत्रा स्थिरावल्यावर घेतो.