एसटीपीचं पाणी काँक्रीटला वापरण्याआधी

सोसायटीच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून निघालेलं पाणी काँक्रीटला चालू शकतं, पण नुसतं स्वच्छ दिसतंय म्हणून मिक्सरमध्ये ओतू नका. आधी बाटलीत भरून जोरात हलवा. फेस टिकून राहिला तर साबण उरलाय. त्याने काँक्रीटमध्ये हवा अडकते आणि ताकद घटते. ही झाली घरगुती चाचणी. खरी तपासणी प्रयोगशाळेतच.

आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ६ पेक्षा कमी नको. अहवालात सगळ्यात आधी क्लोराइड बघा: साध्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सळई असेल तर फक्त ५००, कारण क्लोराइडमुळे सळई आतून गंजते. सेंद्रिय घटकांची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम.

तरीही शंका असेल तर हे पाणी वापरून काँक्रीटचे १५० मिमीचे किमान तीन क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरा, तेवढेच डिस्टिल्ड वॉटर वापरून. २८ दिवसांची सरासरी ताकद डिस्टिल्डच्या ९० टक्क्यांखाली आली, तर ते पाणी बागेलाच द्या.

माझं मत विचाराल तर सुरुवात पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), पेव्हर ब्लॉकपासून करा, स्लॅबपासून नको. आणि टाकीवर ‘पिण्याचे पाणी नाही’ असं ठळक लिहा. साइटवर माणसं दिसेल त्या नळाला ओंजळ लावतात.